मैदानाची रुंदी

फाटकाशेजारच्या भिंतीवर कोणीतरी लाल रंगाने ‘विकाऊ’ लिहून गेलं होतं. आई चिंधी थिनरमध्ये बुडवून ते घासत होती. पहिलं अक्षर निघालं होतं आणि उरलेलं ‘काऊ’ वाचून रस्त्याने जाणारे दोघे हसले. आईने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी बॅग खाली ठेवली तशी म्हणाली, “आत जा. त्याला काही बोलू नकोस. आणि बोललीसच तर खेळाबद्दल बोलू नकोस.”

“मग कशाबद्दल बोलू?”

“तेच तर मलाही कळत नाहीये.”

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ, देशाच्या फुटबॉल संघाचा डावा बचावपटू. वर्षभर वर्तमानपत्रं त्याला ‘भिंत’ म्हणत होती. संघ सरावाचे सगळे सामने घरच्या मैदानावर खेळला आणि सगळे जिंकला. त्यामुळे मोठ्या स्पर्धेला जायला विमान सुटलं तेव्हा लोकांनी कप जिंकून आल्यासारखाच निरोप दिला होता. तिथे संघ तिन्ही सामने हरला. नुसता हरला नाही, पार धुऊन निघाला. बहुतेक गोल डाव्या बाजूने झाले, भिंतीच्या बाजूने. पहिल्या पराभवानंतर लोक म्हणाले, दिवस वाईट होता. दुसऱ्यानंतर म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा गेली. तिसऱ्यानंतर त्यांनी ठरवूनच टाकलं की तो विकला गेला.

आमचं घर महासंघाच्या त्याच सराव मैदानाला लागून, कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरमध्ये. माझ्या जन्माआधीपासून बाबा हे मैदान सांभाळतात. गवत कापायचं, पाणी द्यायचं, गाडीत फक्की भरून पांढऱ्या रेघा आखायच्या. भाऊ चालायला शिकला तो या रेघांवरून. मला बॉलमध्ये कधी रस नव्हता. मी शिकून दुसऱ्या शहरात गेले आणि वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले. गेलं वर्ष-दीड वर्ष मी इथे आले ती घाईघाईने, आणि मैदानाच्या बाजूला फिरकले नव्हते.

भाऊ पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“ऊठ,” मी म्हटलं.

“ताई, जा गं.”

“जेवलास?”

“आईने पाठवलं का तुला?”

“आईने गप्प बसायला सांगितलंय. ऊठ.”

तो उठून बसला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. एवढा धिप्पाड माणूस, पण आजारपणातून उठल्यासारखा दिसत होता.

“महासंघाच्या चिटणिसांचा फोन आला होता,” तो म्हणाला. “उद्या सकाळी मैदानावर नव्या पॅव्हिलियनमध्ये पत्रकार परिषद आहे. मी म्हणायचं, मानसिक ताणामुळे माझा खेळ बिघडला, पराभवाची जबाबदारी माझी, आजपासून निवृत्त होतो. मग महासंघ प्रकरण वाढवणार नाही.”

“आणि नाही म्हटलंस तर?”

“तर संशयास्पद खेळ म्हणून चौकशी. आजन्म बंदी.”

“मग काय म्हणालास?”

“हो म्हणालो.”

“तू विकला गेलास?”

“ताई.”

“सरळ विचारतेय. सरळ सांग.”

“नाही.”

“मग हो कशाला म्हणालास? निवृत्त झालास की सगळे म्हणणार, बघा, खरं होतं.”

“कारण मला माहीत नाही काय झालं,” तो म्हणाला. आवाज चढला होता. “मी माझ्या जागेवर उभा होतो. दरवेळी जागेवर होतो, आणि दरवेळी समोरचा माझ्या बाहेरून निघून गेला. जिथे माणूस असूच शकत नाही तिथून. मी पास द्यायचो, तो पोचायचाच नाही. पाय माझेच होते आणि माझं ऐकत नव्हते. कोचना सांगितलं, मैदान फार मोकळं मोकळं वाटतंय. ते सगळ्यांसमोर म्हणाले, मैदान मोठं नाही, तुमच्या छात्या लहान आहेत. आता तूच सांग, असा माणूस संघात ठेवायचा कशाला?”

मी लॅपटॉप उघडला आणि तिन्ही सामन्यांची चित्रणं लावली. तो खिडकीशी पाठ करून बसला. बघणार नाही म्हणाला. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, म्हणून मी फक्त एवढंच बघत होते की बॉल कुठे जायला हवा होता आणि कुठे पडला.

आमच्याकडे दुकानांतले काटे तपासायला येतात. बिघडलेला काटा दोन तऱ्हांनी चुकतो. खिळखिळा झालेला कधी जास्त दाखवतो, कधी कमी, त्याचा भरवसाच नसतो. दुसरा ठणठणीत असतो, पण दरवेळी तेवढंच आणि त्याच बाजूला चुकतो. त्याच्यात काही मोडलेलं नसतं. कोणीतरी त्याला चुकीच्या शून्यावर बसवलेलं असतं.

घाबरलेला माणूस खिळखिळ्या काट्यासारखा चुकायला हवा. विकलेला माणूस निवडून निवडून चुकेल. माझा भाऊ यातलं काहीच करत नव्हता. त्याचा लांबचा पास दरवेळी समोरच्या कडेच्या अलीकडे पडत होता, साधारण तेवढाच अलीकडे. आणि तो स्वतः बाजूच्या रेघेपासून दरवेळी तेवढाच आत उभा होता.

“हा मधला तुमचा बुटका, याचे पासही तोकडेच पडतायत,” मी म्हटलं.

“सगळेच भिकार खेळलो,” तो खिडकीकडूनच म्हणाला.

“सगळे नाही. हा उजव्या बाजूचा बचाववाला बरोबर रेघेला चिकटून आहे. हा कोण?”

“संघातला सगळ्यात थोरला. तो परदेशी क्लबकडून खेळतो. एकदम शेवटी संघात आला.”

“आणि पुढचा हा केसाळ? याचेही पास बरोबर जातायत.”

“तोही बाहेरच असतो. आमच्या सरावाला कुठे होता तो?” असं म्हणून तो वळला. त्याने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं.

“म्हणजे इथे सराव केलेले तेवढे चुकतायत,” मी म्हटलं. “आपलं मैदान किती रुंद आहे?”

“असतं तेवढं.”

“म्हणजे किती?”

“ताई, बाबांनी आखलंय ते,” तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

बाबा गवताच्या यंत्राचं पातं धार लावायला घेऊन गेले होते. मी त्यांच्या शेडमधली लांब टेप काढली. दुसरं टोक धरायला कोणी हवं होतं, म्हणून आईला बोलावलं. ती थिनरच्या वासाचे हात पदराला पुसत आली.

नवं पॅव्हिलियन मी तेव्हाच नीट पाहिलं. वर छप्पर, मागे काच, काचेपुढे सोफे, आणि गुळगुळीत फरशीच्या पायऱ्या, त्यांवर गालिचा. पायऱ्या थेट गवतात उतरत होत्या. बाजूची पांढरी रेघ त्यांच्यापासून थोड्या अंतरावरून सरळ गेली होती. नवख्या माणसाला त्यात काही वावगं दिसलं नसतं.

“काय मोजतेयस?” आईने समोरच्या कडेवरून विचारलं.

“रुंदी.”

“ती काय कमीजास्त होते का?”

मी आकडा वाचला. टेपची टोकं बदलून पुन्हा मोजलं. शेजारच्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा. मोठ्या सामन्यांचं मैदान असतं त्यापेक्षा हे सहा मीटरने अरुंद होतं.

“आई, पॅव्हिलियन कधी झालं?”

“वर्ष-दीड वर्ष झालं असेल. महासंघाच्या अध्यक्षांच्या पाहुण्यांना उन्हात बसावं लागायचं म्हणे.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने टेप खाली ठेवली. “काय झालंय?”

मी सांगितलं. ती गवताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “यांना विचारशील ते माझ्यासमोर विचार.”

संध्याकाळी बाबा आले, हात धुतले, टेबलाशी बसले. मी सारवासारव ऐकायची तयारी करून बसले होते.

“बाबा, बाजूच्या रेघा आत कधी घेतल्या?”

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “पॅव्हिलियन झालं तेव्हा,” ते म्हणाले. “पायऱ्या जुन्या रेघेवरच आल्या. पोरं पळता पळता आपटली असती. चिटणीस म्हणाले, रेघ तीन मीटर आत घ्या.”

“ती एक बाजू झाली.”

“एकच बाजू घेतली असती तर गोल मधोमध राहिला नसता. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. म्हणून समोरचीही तेवढीच आत घेतली. उद्घाटनापुरतं आहे म्हणाले होते. मग पायऱ्या तोडू म्हणाले.”

“आणि तोडल्या नाहीत.”

“नाही तोडल्या.”

त्यांच्या हातून वाकडी रेघ येतच नाही. गोलासमोरचे चौकोन, मधलं वर्तुळ, सगळं जागच्या जागी ठेवून त्यांनी मैदान दोन्हीकडून इतकं सारखं आवळलं होतं की चूक दिसायला फटच उरली नव्हती. एखाद्या कामचुकार माणसाने हे केलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी डोळ्यांवर आलं असतं.

“कोच नवीन आले, त्यांनीही विचारलं नाही?”

“विचारलं. म्हणाले, जरा अरुंद दिसतंय, माप बरोबर आहे ना? चिटणीस शेजारीच उभे होते.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“बरोबर आहे म्हणालो.”

भाऊ दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. तो आत आला, पण बसला नाही.

“पहिला सामना तुम्ही टीव्हीवर पाहिलात,” तो म्हणाला.

“पाहिला.”

“तेव्हा कळलं तुम्हाला?”

बाबांनी मान हलवली. “सुरुवातीलाच. तू नेहमीसारखा उभा होतास, आणि तुझ्या बाहेरच्या अंगाला केवढी जागा.”

“सामना संपल्यावर मी फोन केला होता. विचारलं होतं, बाबा, मला काय होतंय? तुम्ही काय म्हणालात? सांगा ना ताईला.”

बाबांनी पेला पुन्हा उचलला.

“सांगा.”

“मन लावून खेळ, म्हणालो.”

“मन लावून खेळ,” भाऊ म्हणाला आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही. “दोन सामने शिल्लक होते, बाबा. एका वाक्याचं काम होतं. मी रेघेकडे सरकलो असतो. आम्ही सगळे सरकलो असतो. हरलो असतो कदाचित, पण माणसांसारखे हरलो असतो. मला वाटलं, मी वेडा झालोय. तिथे आरशासमोर उभा राहून पाय बघायचो स्वतःचे.”

“माझी थोडीच वर्षं नोकरी राहिलीय,” बाबा म्हणाले. “हे घर नोकरीबरोबर आहे. बाहेर काढलं तर तुझ्या आईला घेऊन कुठे जाऊ?”

“मला मध्ये घालू नका,” आई म्हणाली. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. “मला कोणी विचारलं होतं? तुमच्या पोराला लोक भिंतीवर काय काय म्हणतायत ते मी घासत बसलेय, आणि तुम्ही थिनरची बाटली आणून दिलीत मला. झाकणसुद्धा उघडून दिलंत.”

बाबांनी तोंड फिरवलं.

“उद्या त्याच्या तोंडून ते वदवून घेणार आहेत,” मी म्हटलं. “त्याआधी तुम्ही बोलाल?”

“मला लोकांपुढे बोलता येत नाही.”

“बरोबर आहे म्हणता येतं की,” भाऊ म्हणाला.

बाबा उठले आणि चपला न घालताच शेडकडे गेले.

भाऊ माझ्याकडे वळला. “आणि तूही उद्या तोंड उघडायचं नाहीस. टेप घेऊन तर यायचंच नाहीस. ते बोलले तर बोलले. नाही बोलले तर मला सांगितलंय ते मी म्हणेन.”

“कशासाठी? त्यांच्यासाठी? आत्ता तर…”

“आत्ता मला त्यांचं तोंड बघवत नाही. म्हणून काय घराबाहेर काढू? ते त्यांनी बोलायचं आहे, ताई. तू बोललीस की त्यांची सुटका झाली.”

मला हे अजिबात पटलं नाही. उद्या मी बोलणारच, असं मी मनाशी ठरवलं.

सकाळी भावाने दाढी केली आणि संघाचा कोट घातला. बाबा घरात नव्हते. आम्ही तिघं मैदानावर पोचलो तेव्हा पॅव्हिलियनमध्ये माणसं जमायला लागली होती, कॅमेरे लागत होते, आणि बाबा गवतात वाकून फक्कीची गाडी ढकलत होते.

समोरच्या कडेची रेघ त्यांनी बाहेर नेली होती. जुनी तशीच होती, तिच्या पलीकडे ही नवी, ताजी, आणि मधला पट्टा लांबूनही नजरेत भरत होता. आता ते पॅव्हिलियनच्या बाजूला आले होते. ताणलेल्या दोरीवरून गाडी सरळ येत होती. ती पायऱ्यांपाशी अडली. बाबांनी गाडी सोडली, डबा उचलला आणि मुठीतून फक्की सोडत पायरीवर चढले. फरशीवरून, गालिच्यावरून, पुढच्या रांगेतल्या सोफ्यांच्या पायांशी रेघ यायला लागली.

चिटणीस धावत आले. “अहो, काय चाललंय हे? गालिचा खराब करताय.”

“पाय घ्या साहेब,” बाबा म्हणाले.

“काय?”

“पाय रेघेवर आहे तुमचा.”

पत्रकारांत कोणीतरी फिसकन हसलं. चिटणीस नकळत मागे सरले, आणि त्यांच्या बुटाखालची जागाही पांढरी झाली. मधल्या सोफ्यावर अध्यक्ष बसले होते. बाबा डबा धरून त्यांच्यासमोर नुसते थांबले. अध्यक्षांनी पाय उचलून घेतले. एका बाईने कॅमेरा जवळ आणत विचारलं, “आजोबा, ही कसली रेघ?”

“मैदानाची. ती इथे असायला पाहिजे.” त्यांनी गवतातल्या जुन्या रेघेकडे बोट दाखवलं. “आहे तिथे.”

एवढं बोलून ते पुन्हा वाकले. बहुतेकांना काही उलगडलं नव्हतं. चिटणीस दोन शिपायांना खुणा करत होते. मी पुढे होणार तेवढ्यात भाऊच पायऱ्या चढून गेला.

“बाबा, फक्कीने नाही,” तो म्हणाला. “तोंडाने.”

“आखलंय की. दिसतंय सगळ्यांना.”

“आता आखलंत. स्पर्धा संपल्यावर. आता मला ऐकायचंय. मला एकट्याला नाही, इथे, सगळ्यांसमोर.”

त्याने माइकसमोरची खुर्ची मागे ओढली. बाबा बसले नाहीत. पांढरे झालेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं. मग ते भराभर बोलले, पाठ केलेलं विसरायच्या आत म्हणावं तसे.

“मैदान सहा मीटरने अरुंद आहे. हे पॅव्हिलियन झालं तेव्हापासून. मी आखलं. पोरांनी त्यावर सराव केला, म्हणून तिकडे चुकली. कोचसाहेबांनी मला माप विचारलं होतं. मी बरोबर आहे म्हणालो. माझा मुलगा विकला गेलेला नाही.”

कोच कडेला उभे होते. ते सावकाश पुढे आले. “माझ्याकडे बघून म्हणालात तुम्ही,” ते बाबांना म्हणाले.

“हो. खोटं बोललो.”

कोचनी भावाकडे पाहिलं. “मला काय माहीत…”

“मी सांगितलं होतं,” भाऊ म्हणाला. “मोकळं वाटतंय म्हणून सांगितलं होतं. तुम्हाला मोजायचं सुचलं नाही. छात्या तेवढ्या मोजल्यात.”

चिटणिसांनी माइक स्वतःकडे ओढून घेतला होता. आवाजात सुटका झाल्याचा भाव होता. “मित्रहो, आता सगळं स्पष्टच झालं आहे. पराभवाला मैदान कर्मचाऱ्याचा अक्षम्य निष्काळजीपणा कारणीभूत आहे. महासंघ त्याच्यावर आजच कडक…”

भावाने त्यांच्या हातून माइक काढून घेतला. हिसकावला नाही, पोराच्या हातून सुरी काढून घ्यावी तसा काढून घेतला.

“त्यांच्यावर मी चिडेन,” तो म्हणाला. “तो माझा हक्क आहे, तुमचा नाही. ते खोटं बोलले तेव्हा त्यांच्या शेजारी कोण उभं होतं? मैदानाचं माप माहीत असून गप्प कोण बसलं? संघ परत आल्यावर मला फोन करून निवृत्त हो म्हणणारा माणूस कोण? तुम्हाला हे स्पर्धेआधीपासून माहीत होतं. तुम्हीच रेघ आत घ्यायला सांगितली होती. आणि मला तुम्ही आजन्म बंदीची भीती घालत होता.”

“हे व्यासपीठ…”

“आणि ज्यांच्यासाठी घ्यायला लावली, ते समोर बसलेत. त्यांना विचारतो. साहेब, या पायऱ्या मैदानात कोणाच्या सांगण्यावरून आल्या?”

सगळे कॅमेरे सोफ्याकडे वळले. अध्यक्षांचे पाय अजून थोडे वर धरलेले होते. ते हळूच खाली ठेवताना पँटची किनार पांढरी झाली, ती त्यांनी झटकली.

“हे पाहा,” ते म्हणाले, “मला फुटबॉलमधलं तांत्रिक फारसं कळत नाही.”

मग प्रश्नांचा असा गलका उठला की त्यांचं पुढचं वाक्य कोणाला ऐकूच आलं नाही. चिटणीस खिशातला कागद काढत होते, परत ठेवत होते. ती बाई विचारत होती, मग निवृत्तीची घोषणा आहे की नाही? भाऊ म्हणाला, “नाही. ज्याने व्हायला हवं त्याने व्हावं.” माइक टेबलावर ठेवून तो पायऱ्या उतरला.

तो आमच्याजवळून गेला, पण थांबला नाही. बाबा त्याच्यामागे उतरले. त्यांनी त्याला हाक मारली, घरी मारायचे त्याच लहानपणच्या नावाने. तो चालत राहिला, दोन्ही रेघा ओलांडून फाटकाच्या दिशेने. बाबांनी पुन्हा हाक मारण्यासाठी तोंड उघडलं.

“नका मारू,” आई म्हणाली. “त्याला यायचं तेव्हा येईल. तुम्ही घरी चला. सामान आवरायला घ्यायचंय.”

“लगेच कशाला? अजून काही म्हणाले नाहीत ते.”

“म्हणतील,” आई म्हणाली आणि पुढे चालायला लागली.